गवताळ उसाचं गोत्र

खोडव्यातलं ते बेट लांबूनच ओळखू येतं. आजूबाजूचा ऊस कांड्यावर आलेला, माणूस झाकून टाकणारा, आणि मधेच हातभर गोल जागेत गुडघ्याएवढं गवत. पात बोटाएवढी रुंद नाही, रंग पिवळट-पांढरा, हाताला मऊ. फुटवे मोजायला बसलं तर पन्नास भरतात, पण कांडी धरलेला त्यात एकही सापडत नाही. तोडीला आलेला माणूस अशा बेटाला कोयताही लावत नाही, वळसा घालून पुढं सरकतो. एका मुकादमाला मी विचारलं, हे काय झालंय? तो म्हणाला, "ऊस इसरला की तो ऊस आहे."

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला पाथर्डी हा ऊस पिकवणाऱ्यांपेक्षा ऊस तोडणाऱ्यांचा तालुका. आदिनाथनगरला वृद्धेश्वर कारखाना आहे, त्याच्या भोवती ऊसही आहे. पण गर्भगिरीच्या डोंगराकडेच्या गावांतली कितीतरी घरं दसरा झाला की कोयता घेऊन बाहेर पडतात, सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. एका हंगामात ही माणसं जितक्या जमिनीवरचा, जितक्या वाणांचा आणि जितक्या रोगांचा ऊस बघतात, तितका क्वचितच एखादा संशोधक बघत असेल. 'गवताळ वाढ' त्यांना पुस्तकात वाचावी लागत नाही.

नाव मात्र फसवं आहे. किडीमार्फत पसरणाऱ्या जिवाणूंचा आढावा घेताना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच मुद्दा. रोगाला आपण नाव ठेवतो ते झाडाच्या तोंडाकडे बघून, आणि झाडाचं तोंड बिघडण्याचे प्रकार फार थोडे आहेत. बाजरीच्या कणसात दाण्यांच्या जागी हिरव्या जटा फुटल्या की आपण त्याला 'गोसावी' म्हणतो. तिळाच्या झाडावर फुलांच्या जागी हिरव्या पानांचे झुबके आले की 'पर्णगुच्छ' म्हणतो. दोन्हींत फुलोऱ्याची पानं झाली, दोन्हींत दाणा गेला. पण गोसावी आणतो केवड्याच्या कुळातला, बुरशीसारखा जीव, तर तिळातला पर्णगुच्छ आणतो तुडतुड्याच्या सोंडेतून आलेला जिवाणू. तुरीचा 'वांझ' दिसायला याच घरचा, पण तो विषाणू आहे आणि त्याची ने-आण करतो डोळ्यांना न दिसणारा कोळी. मिरचीच्या बोकड्यामागं तर कधी फुलकिडे, कधी कोळी, कधी पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू असतो. पाथर्डीच्या बाजारात कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर या सगळ्यांची पानं एकाच पिशवीतून येतात आणि बऱ्याचदा एकच बाटली घेऊन परत जातात.

आता त्या जिवाणूकडे वळू. त्याला फायटोप्लाझ्मा म्हणतात. इतर जिवाणूंना असते तशी पेशीभित्तिका त्याला नाही. तो राहतो झाडाच्या रसवाहिन्यांत, म्हणजे पानात तयार झालेली साखर जिथून खाली उतरते त्या नळ्यांत, आणि त्या नळ्यांना सोंड लावून जगणाऱ्या तुडतुड्यांच्या अंगात. या दोन घरांबाहेर त्याला थारा नाही. काचेच्या बशीत तो वाढवता येत नाही म्हणून त्याच्या शास्त्रीय नावाआधी 'कँडिडेटस' लावतात. म्हणजे उमेदवार: अर्ज भरलाय, निकाल यायचाय. आपल्या जिल्ह्याला उमेदवारांची सवय आहे, त्यामुळे हे समजायला अवघड जाऊ नये.

उसातल्या गवताळ वाढीची भारतातली पहिली नोंद याच जिल्ह्यातली आहे. १९४९ साली बेलापूरच्या परिसरात हा रोग दिसला. बेलापूर कंपनीच्या हरेगावच्या कारखान्यामुळे तिथं उसाचा मोठा पट्टा तयार झाला होता, आणि पुढच्याच वर्षी प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याची चाकं फिरली. म्हणजे जिल्ह्यातली साखर आणि जिल्ह्यातला हा रोग जवळजवळ बरोबरीनं वयात आले. रोगाचं कारण तेव्हा विषाणू समजलं गेलं. तसं समजण्यात चूक काही नव्हती. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नव्हतं, आणि रोग बेण्यातून पुढं जात होता. १९६७ साली जपानमध्ये दोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगट तुतीच्या रसवाहिन्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या तेव्हा त्यात हे बिनभिंतीचे गोळे दिसले. त्याच वर्षी तिथल्याच दुसऱ्या गटानं अशा झाडांना टेट्रासायक्लिन दिलं तर लक्षणं काही काळ मागं हटतात हे दाखवलं. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. त्यामुळे जगभरातल्या शेकडो 'विषाणूजन्य' रोगांचे कागद पुन्हा उघडावे लागले.

पण जिवाणू आहे एवढं कळलं तरी कोणता, हा प्रश्न उरलाच. न वाढणाऱ्या जिवाची जात कशी ठरवायची? उत्तर मिळालं जनुकांत. प्रत्येक जिवाणूत प्रथिनं बांधणाऱ्या यंत्राचा एक भाग असतो, त्याचं '१६एस' नावाचं जनुक. ते फार सावकाश बदलतं, म्हणून दोन जिवाणूंतलं जुनं नातं त्यावरून कळतं. पानाची मधली शीर कापायची, तिच्यातला डीएनए काढायचा, पीसीआर यंत्रात या एका जनुकाच्या कोट्यवधी प्रती करायच्या, आणि मग त्या प्रती ठरावीक विकरांनी कापून तुकड्यांचा नमुना बघायचा. १९९८ साली अमेरिकेत ली आणि सहकाऱ्यांनी सतरा विकरांवर आधारलेली गटवारी पक्की केली. आज गटांची संख्या तीसच्या पुढं गेली आहे. उसातली गवताळ वाढ अकराव्या गटात येते, वांग्यातला पर्णगुच्छ सहाव्यात. बांधावरची हरळी कधी कधी चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी पडलेली दिसते, तिचा जिवाणू चौदाव्या गटातला. त्या हरळीतल्या जिवाणूचं सगळं जनुकसंचित जेमतेम पाच लाख तीस हजार अक्षरांचं. १९९९ साली ते मोजलं गेलं तेव्हा स्वतंत्र पेशी म्हणून जगणाऱ्या कुठल्याही जिवाचा त्याहून छोटा गुणसूत्रसंच माहीत नव्हता. आपण ज्याला खुरप्यानं उपटून फेकतो त्या तणात हा विक्रम वाढत होता.

इतक्या छोट्या जीवानं काय काय सोडून दिलंय ते बघण्यासारखं आहे. २००४ साली जपानमध्ये कांद्याच्या पिवळ्या रोगाच्या फायटोप्लाझ्माचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात ऊर्जेचं चलन छापणारं, सगळ्या सजीवांत गृहीत धरलेलं यंत्रच नव्हतं. हा जीव झाडाच्या पेशीतून तयार माल उचलतो. मात्र जे त्यानं ठेवलंय ते नेमकं आहे. झाडाच्या कारभारात ढवळाढवळ करणारी काही प्रथिनं तो सोडतो. एक प्रथिन फुलाचा आराखडा ठरवणाऱ्या प्रथिनांना झाडाच्याच कचरापेटीत पाठवतं, मग फुलाच्या जागी पानं येतात. दुसरं शेंड्याचा वचक काढून टाकतं, मग एका फांदीच्या जागी झाडूसारख्या वीस फुटतात. कोवळी हिरवी पानं तुडतुड्यांना आवडतात. म्हणजे झाड वेडं झालेलं नसतं, जिवाणूनं त्याला स्वतःच्या वाहनासाठी चारा पिकवायला लावलेलं असतं. मुकादमाचं म्हणणं थोडं दुरुस्त करायचं तर ऊस विसरलेला नाही, त्याला विसरायला लावलंय.

ही प्रथिनं बनवणारी जनुकं बऱ्याचदा जनुकसंचातल्या उड्या मारणाऱ्या तुकड्यांवर बसलेली असतात. एका वंशाकडून दुसऱ्याकडे ती जाऊ शकतात. त्यामुळे दूरच्या गटांतले दोन जिवाणू झाडावर हुबेहूब सारखं लक्षण आणतात, आणि एकाच गटातले दोघे वेगवेगळं. भारतातल्या तिळाच्या पर्णगुच्छात पहिल्या गटातले जिवाणू सापडले आहेत, दुसऱ्या गटातलेही, आणि इराणमध्ये नवव्या गटातले. वासुदेव आणि सहांबी यांनी १९५५ साली तिळाचा रोग तुडतुड्यानं पसरतो हे सांगितलं तेव्हा हा एकच रोग होता. आज तो तीन वंशांनी वेगवेगळ्या वाटांनी गाठलेला एक मुक्काम आहे.

आणि वंश वेगळा की वाहन वेगळं असू शकतं. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण शेतकऱ्याच्या दृष्टीनं सगळ्या जनुकीय विविधतेचा अर्थ इथंच लागतो. थायलंडमध्ये उसाचा 'पांढरं पान' नावाचा रोग १९५४ पासून नोंदलेला आहे. त्याचा जिवाणू आपल्या गवताळ वाढीच्या जिवाणूचा सख्खा भाऊबंद, अकराव्याच गटातला. १६एस जनुकावरून दोघांना वेगळं काढणं कठीण. पण तिथं त्याची ने-आण दोन वेगळ्या जातींचे तुडतुडे करतात, आणि त्यातल्या एकात हा जिवाणू अंड्यातून पुढच्या पिढीतही उतरतो. म्हणजे तिथलं पिल्लू जन्मतःच रोग घेऊन येऊ शकतं. आपल्याकडे डेल्टोसेफॅलस व्हल्गॅरिस हा तुडतुडा गवताळ वाढ पसरवतो हे दाखवलं गेलं ते २००६ साली. बेलापूरच्या नोंदीनंतर सत्तावन्न वर्षांनी! तोवर 'तुडतुडे मारा' असा सल्ला दिला जात होता, कोणते तुडतुडे हे न सांगता.

जिवाणूचं स्वतःचं नाव तर आणखी उशिरा ठरलं. बरीच वर्षं त्याला भाताच्या पिवळ्या खुज्या रोगाच्या जिवाणूच्याच जातीत बसवलं होतं, कारण १६एस जनुक जवळपास जुळत होतं. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीसीएसमध्ये, अमित यादव, किरण किर्दत, योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसातल्या जिवाणूचा जनुकसंच वाचून तो जवळच्या नात्यातल्या, हरळीतल्या जिवाणूशी जोडून बघितला. नातं होतं, पण एका जातीत मावेल इतकं नाही. २०२१ साली 'कँडिडेटस फायटोप्लाझ्मा सॅकॅरी' हे नाव प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी तर जगभरासाठी नियमच बदलले. आधी १६एस जनुक साडेसत्त्याण्णव टक्क्यांपेक्षा कमी जुळलं तर वेगळी जात धरत, आता ती रेषा ९८.६५ टक्क्यांवर गेली आणि शक्य तिथं संपूर्ण जनुकसंच बघा असा आग्रह आला. नगर जिल्ह्यात उगवलेल्या रोगाच्या जिवाणूला बाहत्तर वर्षांनी पुण्यात नाव मिळालं, याचा जिल्ह्यात कुठं सत्कार झाल्याचं काही ऐकलं नाही.

मोसंबी-लिंबाची कथा उलट्या दिशेनं चालते, आणि तीही पुण्यातूनच सुरू होते. लिंबूवर्गीय झाडांची शेंडेमर महाराष्ट्राला नवी नाही. एक फांदी पिवळी पडते, पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंना न जुळणारे पिवळे डाग येतात, फळं लहान, वाकडी, देठाकडे पिवळी आणि टोकाला हिरवी राहतात. वर्षानुवर्षं याचा दोष जस्ताच्या कमतरतेला, चुनखडीच्या जमिनीला, पाणी साचण्याला दिला गेला. १९६६ साली ऑस्ट्रेलियाच्या लिलियन फ्रेझर भारतात आल्या आणि त्यांनी सिंग, कपूर, नरियानी यांच्याबरोबर सांगितलं की यामागं बहुधा आफ्रिकेत 'ग्रीनिंग' म्हणतात तोच रोग आहे. पुढच्याच वर्षी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या एस. पी. कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी पुरावा दिला की तो रोग सिट्रस सिला ही कीड पसरवते. दख्खनच्या काळ्या दगडी पठारावरच्या ग्रीनिंगवर आणि किडीशी असलेल्या त्याच्या नात्यावर त्यांनी १९७४ साली स्वतंत्र निबंधही लिहिला.

ही कीड बघायला बागेत जायची गरज नाही. परसातल्या कढीपत्त्याचा कोवळा शेंडा उलटा करून बघा. तीन-चार मिलिमीटरची, करड्या ठिपक्यांची, डोकं खाली आणि शेपूट वर अशी तिरकी बसलेली ती. पानाला टोचलेल्या काट्यासारखी दिसते, बोट नेलं की टुणकन उडते. शेजारी पिवळी चपटी पिल्लं, आणि त्यांच्या मागून निघालेले मेणाचे पांढरे धागे. आमटीत कढीपत्ता टाकताना हे धागे धुऊन निघतात, पण कीड शेजारच्या लिंबावर जायला मोकळी असते.

ग्रीनिंगचा जिवाणू फायटोप्लाझ्मा नाही. त्याला भिंत आहे, आणि त्याचं कूळ वेगळं. पण राहणी तीच: रसवाहिन्यांत आणि किडीच्या पोटात. १९७० साली फ्रान्सच्या बोव्हे यांच्या गटाला तो रसवाहिन्यांत दिसला. त्याला बागेतल्या झाडातून प्रयोगशाळेतल्या झाडात नेण्यासाठी त्यांनी अमरवेल वापरली. तिचं एक टोक रोगट झाडात, दुसरं सदाफुलीत. रोग वेलातून चालत गेला आणि सदाफुली पिवळी पडली. पुण्याहून फ्रान्समधल्या बोर्दोला, त्यांच्या प्रयोगशाळेत गेलेला नमुना असाच सदाफुलीत जपला गेला, त्यातून जनुकांचे तुकडे काढले गेले, आणि १९९४ साली या जिवाणूला नाव देताना आशियाई जातीसाठी 'पूना' नावाचा हाच नमुना आणि आफ्रिकी जातीसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या नेलस्प्रुइटचा नमुना समोर ठेवला. आज फ्लोरिडात, ब्राझीलमध्ये, चीनमध्ये ज्या जिवाणूनं संत्र्यांच्या बागा उजाड केल्या, त्याची ओळख पटवताना मूळ दाखला लागतो तो पुण्याचा.

दोन जातींतला फरक कागदावरचा नाही. जनुकं वाचण्याच्या वीस वर्षं आधीच असं दिसलं होतं की आफ्रिकी रोगाची लक्षणं तीस अंशांच्या आसपास मंदावतात, भारतातल्या रोगाची नाहीत. ब्राझीलमध्ये २००४ साली रोग सापडला तेव्हा तिथं एक तिसरीच, अमेरिकी जात जास्त होती. तिलाही उष्णता सोसत नव्हती, आणि काही वर्षांत आशियाई जातीनं तिला मागं सारलं. पाथर्डी-शेवगावच्या उन्हाळ्याला यातली कोणती जात पुरून उरेल हे सांगायला वेगळ्या अभ्यासाची गरज नाही.

आशियाई जातीच्या आत मात्र विविधता कमी, निदान १६एस जनुकात. जगभरचे नमुने जवळपास एकसारखे. मग फरक शोधायचा कुठं? जनुकसंचात काही ठिकाणी एकच छोटा तुकडा ओळीनं पुन्हापुन्हा येतो, भजनातल्या ध्रुवपदासारखा. किती वेळा येतो हे नमुन्यागणिक बदलतं. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतल्या दिलीप घोष आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली अशा एका जागेवरच्या पुनरावृत्ती मोजून देशभरातल्या नमुन्यांची वर्गवारी मांडली आणि भारतातल्या जिवाणूत चांगलीच विविधता असल्याचं दाखवलं. माझ्या मते या कामाचा खरा उपयोग नातेसंबंध रंगवण्यात नाही, वाटा शोधण्यात आहे. एका बागेतला नमुना शेजारच्या बागेशी जुळला तर कीड उडून आली म्हणता येईल. दूरच्या जिल्ह्यातल्या रोपवाटिकेशी जुळला तर कलम टेम्पोतून आलं.

याच नागपूरच्या संस्थेतून १९९९ साली कागदी लिंबावरच्या झाडूसारख्या फांद्यांच्या फायटोप्लाझ्मा रोगाची भारतातली नोंद झाली. ओमानमध्ये या प्रकारच्या रोगानं लिंबाच्या बागा साफ केल्या. तिकडं या जिवाणूशी ज्या तुडतुड्याचं नाव जोडलं जातं तो हिशिमोनस फायसिटिस, आणि आपल्याकडे वांग्यातला पर्णगुच्छ पसरवतो तोही हाच. वांग्याचा रोग १९३९ साली कोइमतूरहून प्रथम नोंदला गेला आणि आज प्रत्येक वांग्याच्या तुकड्यात चार-दोन झाडं तशी दिसतात: पानं तुळशीच्या पानांएवढी, फळ नाही. कोणी त्याचं मनावर घेत नाही. श्रीगोंद्याच्या लिंबाच्या जिल्ह्यात मी असतो तर वांग्याच्या त्या चार झाडांकडे इतकं शांतपणे बघितलं नसतं. आणि मी तर याच जिल्ह्यात आहे.

अभ्यासाची एक खोड इथं नोंदवतो. नमुने घेतले जातात ते आजारी पिकातून. बांधावरची हरळी, गाजर गवत, सदाफुली आणि स्वतः कीड यांच्यातली विविधता त्या मानानं फार थोडी वाचली गेली आहे. रोगाचा मुक्काम उन्हाळ्यात कुठं असतो, हा प्रश्न कोरडवाहू तालुक्याला महत्त्वाचा, कारण इथं चार महिने शेतात हिरवं काही उरत नाही. जे उरतं ते विहिरीच्या काठाला, पाटाच्या कडेला आणि घराच्या परसात.

तरीही पाथर्डीसारख्या भागात उसाचा जिवाणू पहिल्यांदा येतो तो तुडतुड्याच्या पंखांवर नव्हे, बेण्याच्या ट्रॉलीत. तुडतुडा फार तर शेजारच्या शेतात जाईल, ट्रॉली दीडशे किलोमीटर जाते. कोयत्यानं हा रोग पसरतो असा समज आहे, तो मुख्यतः दुसऱ्या एका जिवाणूबाबत, खोडवा खुजा रोगाबाबत खरा. गवताळ वाढ टिपरीच्या आत बसून येते. टिपरी पन्नास अंशांच्या गरम पाण्यात दोन तास बुडवली, किंवा चौपन्न अंशांच्या दमट गरम हवेत ठेवली, तर जिवाणू मरतो आणि डोळा वाचतो. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि पाडेगावचं संशोधन केंद्र वर्षानुवर्षं हेच सांगत आली आहेत: मूलभूत बेणं प्रक्रिया करून घ्या, ते दोन टप्प्यांत वाढवा, आणि बेणं तीन-चार वर्षांनी बदला. ऊतिसंवर्धित रोपं हाही चांगला मार्ग, जर मूळ झाड तपासलेलं असेल तर. नसेल तर एका आजारी झाडाची हजारो रोपं होतात.

पाथर्डी तालुक्यातल्याच मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. तिथं घेणारा जबडा उघडून दात बघतो, काठेवाडी आहे की गावरान ते विचारतो, दहा पावलं चालवून बघतो, मगच रुमालाखाली बोटं धरतो. उसाचं बेणं घेताना तोच माणूस विचारतो फक्त वाण आणि भाव.

लागणीच्या दिवशी ट्रॉली बांधाला लागते. बायका सावलीला बसून टिपऱ्या तोडतात, दोन डोळ्यांची एक, दुसऱ्या दोन डोळ्यांची एक. मधेच एखादी कांडी हाताला हलकी लागते, पेरं जवळजवळ आलेली, डोळे वेळेआधीच फुगून त्यातून पांढरट कोंब निघालेले. एक बाई ती कांडी क्षणभर बघते आणि पाठीमागं भिरकावते. शेळी ती खाऊन टाकते.